खाट कधी मिळणार? रुग्णालयातली ये-जा आणि रुग्णाची देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयात मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते. आता रुग्ण समन्वयाचं काम बघते. म्हणजे नक्की काय करते, हे सासूबाईंना अजून नीट समजावता आलेलं नाही. दिवसभर फोन, जिने आणि "सिस्टर, खाट कधी मिळणार?" एवढंच. खालचे काही प्रश्न नातेवाइकांचे आहेत, काही नव्याने रुजू झालेल्या हाऊसमन (वॉर्डातले कनिष्ठ डॉक्टर) आणि सिस्टरांचे. रोज ज्या क्रमाने कानावर येतात, साधारण त्याच क्रमाने लिहिले आहेत.

आईला सकाळी अकराला आणलं आणि वॉर्डात घेतलं संध्याकाळी सातला. कॅज्युअल्टीत एवढा वेळ का लागतो?

बहुतेक वेळा कारण कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, नसतंच, ते तिसऱ्या मजल्यावर असतं. तुमच्या आईला तपासलं, सलाईन लावलं, रक्त पाठवलं, भरती करायचं ठरलं, हे सगळं दीड-दोन तासांत झालेलं असतं. पुढचे पाच-सहा तास ती ज्या खाटेची वाट बघत असते, त्या खाटेवर एक माणूस घरी जायचे कपडे घालून बसलेला असतो. दादरला गाडी थांबल्यावर उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा होत नाही, तसंच हे आहे. आरडाओरडा चढणाऱ्यांचा ऐकू येतो, म्हणून सगळे बघतात मात्र दाराकडेच.

पण मी वर जाऊन बघितलं. दोन खाटा रिकाम्या होत्या!

असतील. एक पुरुषांच्या वॉर्डातली असेल. दुसरीवरचा पेशंट ऑपरेशनला गेला असेल, तो तासाभरात परत येणार. कधी खाटेजवळचा ऑक्सिजनचा पॉइंट बंद असतो, कधी शेजारच्या खाटेवर कांजिण्यांचा संशय असलेलं मूल असतं. खाट रिकामी दिसणं आणि खाट देण्याजोगी असणं यात फरक आहे. तरीही विचारत जा. दोनदा नातेवाइकांमुळेच मला अशी खाट कळली, जी खरंच रिकामी होती आणि वहीत भरलेली होती.

आमच्यानंतर आलेल्याला आधी का घेतलं?

कारण कॅज्युअल्टीत रांग आल्याच्या वेळेने लागत नाही. आल्या-आल्या सिस्टर नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन बघते आणि लाल, पिवळा किंवा हिरवा ठरवते. लाल म्हणजे लगेच, हिरवा म्हणजे थांबला तरी चालेल. छातीत दुखून घाम फुटलेला माणूस, तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलेली बाई, हे पुढे जाणारच. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून "कधीपासून?" या प्रश्नाला "सकाळपासून" असं उत्तर देऊ नका. "साडेआठला चहा घेताना कप पडला" असं सांगा.

एक आमची चूकही सांगते. हिरवा म्हणून बसवलेल्याला तासाभराने पुन्हा बघायचं असतं. ते राहून जातं. तुमच्या माणसाचं दुखणं वाढलं, तो गळाठला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर रांगेची भीड न धरता उठून सांगा.

सकाळी राऊंडला "आज सोडा" म्हणाले आणि घरी पोचायला रात्र झाली. नऊ तास काय करत होतात?

हाच प्रश्न मला पडला होता. म्हणून एका मंगळवारी वही-पेन घेऊन मी दिवसभर एकाच खाटेमागे फिरले. मेडिसिन वॉर्ड, खाट नंबर १४, न्यूमोनियातून बरे झालेले एक काका.

९:४० ला राऊंडवर मॅडम म्हणाल्या, "चौदा नंबरला आज सोडा." हाऊसमनने मान डोलावली. पण राऊंड संपेपर्यंत तो राऊंडबरोबर, मग एका एक्स-रेच्या मागे, मग ओपीडीत. डिस्चार्ज कार्ड लिहायला बसला तेव्हा १:१० झाले होते. कार्डात सकाळच्या सीबीसीचा (रक्ततपासणीचा) आकडा हवा होता. रिपोर्ट अकरापासून लॅबच्या ट्रेमध्ये तयार होता, आणायला कुणी गेलंच नव्हतं. २ वाजता पाळी बदलली. सकाळच्या सिस्टरने "चौदा नंबर जाणारेत" एवढं सांगितलं, घरी न्यायची औषधं आणायची आहेत हे राहिलं. मुलाला फोन गेला २:३५ ला. मुलगा तुर्भ्याला कामाला. साहेबांना विचारून, गाडी पकडून तो ५:०५ ला आला. मग बिलाची खिडकी, मग औषधांची खिडकी. ५:४० ला काका स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेले. मावशींनी गादी पुसली, चादर घातली, ६:०५ झाले. खाट तयार आहे हे खाली कॅज्युअल्टीला कळलं ६:५० ला, कारण तिथला फोन सतत एंगेज.

एकूण नऊ तास दहा मिनिटं. त्यात लिहिणं, बिल, औषधं, गादी अशी हाताने केलेली कामं मिळवली तर दीड तासही भरत नाही. बाकी सगळं नुसतं थांबणं. आणि प्रत्येक थांबा कागद, निरोप किंवा माणूस एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आलेला. कुणीही आळशी नव्हतं. हाऊसमन तर जेवलाही नव्हता.

मग त्यावर काय केलंत?

एक साधी गोष्ट: "उद्याची यादी". रोज दुपारी चारला वॉर्डची सिस्टर आणि हाऊसमन उभ्या-उभ्या दहा मिनिटं ठरवतात की उद्या कोण जाण्याची शक्यता आहे. त्या नावांचं कार्ड संध्याकाळीच अर्धं लिहून होतं. सकाळी फक्त शेवटचा ताप, रक्तदाब आणि सही. घरी फोन आदल्या संध्याकाळीच जातो: "उद्या सकाळी अकरापर्यंत या, कपडे आणा, बहुतेक सोडतील." आणि सकाळच्या राऊंडची सुरुवात सगळ्यात आजारी पेशंटपासून, त्यानंतर लगेच जाणारे, बाकीचे शेवटी. आधी राऊंड खाट नंबर एकपासून सुरू व्हायचा आणि जाणारा पेशंट नेमका २८ नंबरला असायचा.

एका वरिष्ठ सरांनी विचारलं, "आणि रात्री ताप आला तर?" तर नाव खोडायचं. यादीतली बरीच नावं खोडली जातात, त्यात काही बिघडत नाही. नातेवाइकांना मात्र "बहुतेक" हा शब्द ठळकपणे सांगावा लागतो, नाहीतर भांडण ठरलेलं.

फसलेलंही सांगते. रंगीत चुंबकांचा मोठा फळा आणला. तीन आठवड्यांत त्यावरचे पेशंट घरी गेलेले आणि चुंबक तिथेच. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, त्यात खाटेच्या निरोपांपेक्षा सुप्रभातची फुलं जास्त. शिवाय पेशंटची नावं आणि रिपोर्ट अशा ग्रुपवर फिरणं बरं नव्हे. शेवटी टिकला तो कॅज्युअल्टीतला वेगळा फोन, ज्यावर फक्त "खाट तयार" एवढंच सांगायचं.

सोमवारी एवढी गर्दी का असते?

ती रविवारी तयार होते. आजारी माणसं रविवारीही येतात, पण घरी सोडायचा निर्णय घेणारे वरिष्ठ त्या दिवशी कमी असतात. शनिवारी दुपारी ज्याला सोडता आलं असतं, तो सोमवारी जातो. "उद्याची यादी" शुक्रवारी दोन दिवसांची करा, एवढंच आमचं म्हणणं. सगळ्या युनिटांना अजून पटलेलं नाही.

सरळ खाटा का वाढवत नाही?

वाढवाव्यात, नको कोण म्हणेल! पण हिशेब बघा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. आत असलेली सरासरी माणसं म्हणजे रोज येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. समजा रोज ३० जण भरती होतात आणि सरासरी ५ दिवस राहतात, तर १५० खाटा भरलेल्या राहतील. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला तर १३५. पंधरा खाटा मोकळ्या झाल्या, एकही पलंग विकत न घेता. आणि पलंग विकत मिळतो, त्यामागे लागणारी सिस्टर, मावशी आणि ऑक्सिजनची पाइपलाइन दुकानात मिळत नाही.

मुक्काम कमी म्हणजे पेशंटला लवकर हाकलणं नव्हे. बरा झालेला माणूस कागदासाठी बसून राहतो, सोनोग्राफीच्या तारखेसाठी दोन दिवस नुसता पडून राहतो, तो वेळ कापायचा.

ओपीडीत केसपेपरलाच तास जातो. खिडकी एकच का?

खिडक्या वाढवल्या तरी सगळे आठलाच आले तर रांग राहणारच. पण एक गंमत ऐका. एका खिडकीवर एका माणसाला सरासरी २ मिनिटं लागतात आणि माणसं कशीही, अनियमित येतात असं धरू. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी ८ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्के असेल तर १८. ९५ टक्के असेल तर ३८. म्हणजे काम थोडंसंच वाढलं आणि रांग दुपटीने लांबली. खाटांचंही असंच आहे. वॉर्ड जवळपास पूर्ण भरला की पुढचा एकेक पेशंट सगळ्यांना अडवतो. म्हणून चार-दोन खाटा मोकळ्या दिसल्या की कुणी "वाया चालल्यात" म्हणालं, तर मला राग येतो.

तुमच्यापुरतं म्हणाल तर जिथे सोय आहे तिथे आभा क्रमांक, म्हणजे सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक, काढून ठेवा. हा १४ आकडी असतो. खिडकीजवळचा क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप जातो आणि टोकन मिळतं. फेरतपासणीला येताना जुना केसपेपर आणा. नवा काढलात की तुमचा मागचा सगळा इतिहास डॉक्टरांच्या दृष्टीने पुसला गेला. आणि साध्या सर्दी-तापाला, ड्रेसिंगला, बीपीच्या गोळ्यांना आधी जवळचा पालिका दवाखाना किंवा "आपला दवाखाना" बघा. कामावरून सुटल्यावरही जाता यावं म्हणून २०२२ पासून सुरू झालेले हे दवाखाने संध्याकाळीही चालतात.

मोठ्या रुग्णालयात "रेफर" केलं म्हणजे काय? आम्हीच रिक्षाने घेऊन जायचं का?

मुंबईची उतरंड अशी: खाली दवाखाने, मध्ये आमच्यासारखी उपनगरी रुग्णालयं, वर केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची आणि जे.जे. हे राज्य सरकारचं, अशी वैद्यकीय महाविद्यालयं. मेंदूचं ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टीसारखी सोय आमच्याकडे नसली की वर पाठवावंच लागतं. पण पाठवणं म्हणजे चिठ्ठी हातात देणं नव्हे. आधी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं, पेशंट प्रवास झेपेल एवढा सावरलेला असणं, काय-काय दिलं आणि किती वाजता दिलं हे कागदावर असणं आणि गंभीर पेशंटबरोबर डॉक्टर असलेली अँब्युलन्स, या चार गोष्टी मागा. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो.

चिठ्ठीवर "उच्च केंद्रात पाठवत आहे" एवढंच लिहिलेलं असेल तर नम्रपणे परत द्या. समोर कुणाशी बोलणं झालं त्यांचं नाव लिहून मागा. सायनच्या पुलावर अडकलेल्या अँब्युलन्समध्ये बसून ते शोधता येत नाही.

"खाट नाही" म्हणून परत पाठवू शकतात का?

जीव धोक्यात असेल तर प्राथमिक उपचार न करता नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिस केस असो-नसो, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा. १९९६ चा निकाल तर आमच्या विषयाचाच आहे. पश्चिम बंगालमध्ये हाकिम शेख नावाचा मजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार लागला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी सोय नाही, खाट नाही म्हणून त्याला पुढे पाठवलं. शेवटी खासगीत पैसे भरून उपचार घ्यावे लागले. न्यायालयाने हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, पंचवीस हजारांची भरपाई दिली आणि कुठे खाट आहे हे कळणारी मध्यवर्ती निरोपव्यवस्था असावी असंही सुचवलं. ट्रेनमधून पडलेली माणसं रोज बघणाऱ्या शहरात हा निकाल प्रत्येक कॅज्युअल्टीत लावायला हवा.

तशी व्यवस्था मुंबईने एकदा करून दाखवली आहे. जून २०२० मध्ये कोविडच्या खाटा वाटायचं काम एका ठिकाणाहून काढून २४ विभागांच्या वॉर रूमकडे दिलं. तिथला माणूस फोन करायचा, विचारपूस करायचा आणि खाट ठरवायचा. साथ ओसरल्यावर ही सवयही ओसरली, याचं मला वाईट वाटतं.

एकच गोष्ट चार जणांना का सांगावी लागते?

कारण पहिल्याने दुसऱ्याला नीट सांगितलेलं नसतं. हातातून हातात जाताना निरोप गळतो, हे खाट नंबर १४ मध्ये आलंच. आम्ही आता पाळी बदलताना चार गोष्टी ठरावीक क्रमाने सांगतो: आत्ता काय चाललंय, आधीचं काय आहे, मला काय वाटतं आणि तू काय करायचंस. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. पाणबुडीत आणि वॉर्डात एक साम्य आहे, धाकट्याला मोठ्याशी बोलायची भीती वाटते. ठरलेला साचा असला की परवा लागलेली सिस्टरसुद्धा रात्री दोनला सरांना उठवून "सर, तुम्ही येऊन बघायला हवं" असं म्हणू शकते.

ऑपरेशन चांगलं झालं, मग घरी गेल्यावर आजी पुन्हा का आजारी पडल्या?

इथे माझीच चूक सांगते. विक्रोळीच्या टेकडीवरच्या वस्तीतल्या एक आजी खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. ऑपरेशन झालं, वॉकर धरून वॉर्डात चार पावलं चालल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सोडलं. दोन आठवड्यांनी पाठीला जखम घेऊन परत. रिक्षा टेकडीच्या पायथ्यापर्यंतच जाते, पुढे अरुंद पायऱ्या. खोली दहा बाय दहा, संडास सामायिक, उकिडवं बसायचा, घरापासून लांब. वॉकर उंबऱ्यातून आतच जाईना. सून सकाळी सातला धुणीभांड्याला बाहेर पडते. आजी दिवसभर पडून राहायच्या आणि लघवीला उठायला नको म्हणून पाणी प्यायच्या नाहीत. कार्डावर आम्ही लिहिलं होतं: "भरपूर पाणी प्या, वॉकरने चाला."

तेव्हापासून भरतीच्या पहिल्याच दिवशी विचारते: घर कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे आणि चालू आहे? संडास घरात की बाहेर, कमोड की भारतीय? दिवसा घरी कोण? पोटमाळ्यावर कोण झोपतं? मग फिजिओथेरपिस्ट पायऱ्यांचा सराव वॉर्डातच करून घेते, समाजसेविका कमोडची खुर्ची भाड्याने किंवा एखाद्या ट्रस्टकडून मिळवते आणि विभागातल्या आरोग्यसेविकेला आधीच निरोप जातो. कधी उत्तर असं निघतं की दोन महिने गावाला, तळमजल्याच्या घरी लेकीकडे नेणंच बरं.

मधुमेहाचंही तेच. "इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवा" म्हणायच्या आधी फ्रीज आहे का विचारायचं. नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात, सावलीत ठेवायला शिकवतो. टीबीचा पेशंट गणपतीला कोकणात जाणार हे गृहीतच धरायचं. निक्षय क्रमांक (टीबी पेशंटचा सरकारी नोंदणी क्रमांक) सगळीकडे चालतो, तिथल्या केंद्रातून गोळ्या मिळू शकतात. पण हे इथे असतानाच ठरवायचं, एसटीत बसल्यावर नव्हे.

योजनेतून होईल म्हणाले, पण कागदांसाठी दोन दिवस गेले.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयात "आरोग्यमित्र", म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो. भरतीच्या दिवशीच त्याला भेटा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे. रेशनकार्ड आणि आधार लागतं. नावातल्या स्पेलिंगचा फरक हा सगळ्यात मोठा खोळंबा, तो आजच बघून घ्या. तातडीच्या उपचारात फोनवर कळवून सुरुवात करता येते, कागद मागाहून. हे सगळ्यांना माहीत नसतं, कधीकधी आमच्याच लोकांनाही.

पावसाळ्यात वॉर्ड का कोलमडतो? दरवर्षी येतोच की.

येतो, आणि दरवर्षी आम्ही जुलैत दचकतो. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), गॅस्ट्रो सगळे एकदम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोची साथ आली. तयारी मे महिन्यात करायची असते: तापाची वेगळी ओपीडी, पुढे ढकलता येतील अशी ऑपरेशनं आधी उरकणं, जास्तीच्या खाटा कुठल्या व्हरांड्यात लागतील हे ठरवणं. तुम्ही एक करा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ताप यायची वाट न बघता दवाखान्यात जाऊन सांगा, प्रतिबंधक गोळी मिळते.

नवी संगणक प्रणाली आली की सगळं सुटेल ना?

प्रणालीत खाट रिकामी दाखवायला कुणीतरी बटण दाबावं लागतं. तो "कुणीतरी" ठरला असेल तर वहीनेही काम होतं.

नातेवाइकांनी काय करावं?

एक माणूस ठरवा. त्याचा नंबर केसपेपरवर लिहा आणि डॉक्टरांशी बोलणं त्यानेच करावं. चौघे चार वेळा विचारतात, चार डॉक्टर चार शब्दांत सांगतात आणि संध्याकाळी घरी चार आजार होतात. येताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं (नुसती नावं नकोत, "पिवळी छोटी गोळी" तर नकोच), रेशनकार्ड आणि आधार एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. आणि चार्जर. दुपारी अडीचला आम्ही "घेऊन जा" म्हणून फोन करतो, तेव्हा निम्मे फोन बंद असतात.